गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

जुनी मियाटा हौसेने घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एका वाक्यात येते, "गिअर पडत नाही." गाडी सकाळी चालू केली, क्लच दाबला, फर्स्ट टाकायला गेलो तर लिव्हर अडून बसला. रिव्हर्स टाकला तर खर्रर्र आवाज आला. एवढ्यावर ओळखीतलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं की गिअरबॉक्स गेला. मग गॅरेजवाला अंदाजपत्रक देतो, ते बघून घरात वाद होतो आणि बिचारी गाडी विकायला निघते. यातल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं ते गिअरबॉक्सच्या बाहेर लटकणारं, मुठीत मावणारं एक सिलिंडर.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांपुढे येते. त्याच माझदाने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एक छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी मांडली. अमेरिकेत ती मियाटा, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात एमएक्स-५ आणि जपानात युनोस रोडस्टर. भारतात ती अधिकृतपणे विकायला आलीच नाही, त्यामुळे हा लेख मुख्यतः परदेशातल्या मराठी मालकांसाठी आहे. पहिली पिढी १९८९ ते १९९७ आणि दुसरी १९९८ ते २००५ अशी धरली, तर आज हाताशी येणारी गाडी किमान वीस वर्षांची असते. एवढ्या वर्षांत लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. निदानाची सुरुवात म्हणून रबरापासून करायची.

आधी यंत्रणा थोडक्यात. या गाडीचा क्लच केबलवर चालत नाही, तेलाच्या दाबावर चालतो. पॅडल दाबलं की इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला मास्टर सिलिंडर ब्रेक फ्लुइड नळीतून ढकलतो. ते फ्लुइड गिअरबॉक्सच्या कडेला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये येतं, तिथला दांडा बाहेर सरकून फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंगने प्रेशर प्लेटची बोटं दाबली की क्लच प्लेट मोकळी होते. या साखळीत दोन-चार मिलिमीटर कुठेही हरवले, तर प्लेट पुरती सुटत नाही. इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टला थोडं थोडं फिरवत राहतं आणि फिरत्या शाफ्टवर गिअर बसत नाही.

पहिली चाचणी फुकट आहे आणि तिला अर्धं मिनिट लागतं. इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. मग हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि तेच पुन्हा करा. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही हे जवळजवळ नक्की. दोन्ही वेळा सारखेच अडत असतील, तर दोष लिव्हरच्या सांध्यात किंवा आत गिअरबॉक्समध्ये शोधायचा. गिअर बिनतक्रार पडतात पण गाडी ओढत नाही, इंजिन नुसतंच ओरडतं, तर क्लच स्लिप होतोय आणि तो प्रकार अगदी उलटा आहे. लोक हे तिन्ही एकाच नावाने सांगतात, "क्लचचा प्रॉब्लेम आहे." गॅरेजमध्ये तुम्ही असं सांगितलंत, तर तुम्हाला नवी क्लच प्लेट मिळेल आणि तक्रार जिथल्या तिथे राहील.

क्लच सुटत नाही असं दिसलं, तर पुढची चाचणी रिव्हर्सची. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा, मनात सावकाश दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबायला हवा. दहा मोजूनही खर्रर्र झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय. आता पॅडल तीन-चार वेळा भराभर मारून पुन्हा प्रयत्न करा. पंप मारल्यावर गिअर सुरळीत पडला, तर दोष तेलाच्या साखळीत आहे. आत हवा शिरली आहे किंवा कुठलं तरी सील दाब धरत नाही. पंप मारूनही काहीच फरक नसेल, तर फोर्क, प्रेशर प्लेट किंवा चिकटलेली क्लच प्लेट यांच्याकडे बघावं लागेल.

त्याही आधी पायाखालची मॅट उचला. हसू नका. जाड रबरी मॅट पुढे सरकून पॅडलखाली दुमडली की पॅडलचा तळाकडचा प्रवास कापला जातो, आणि प्लेट सुटण्यासाठी लागतो तो नेमका तोच शेवटचा टप्पा. मॅट काढून गाडी एकदा चालवून बघायला काही पडत नाही.

मग बॉनेट उघडा. क्लचच्या फ्लुइडची डबी छोटी असते, मास्टर सिलिंडरच्याच डोक्यावर बसलेली. पातळी खाली गेली आहे का, रंग काय आहे हे पाहा. नवं फ्लुइड फिकट मधासारखं दिसतं. या गाड्यांत ते बहुधा काळं, गढूळ सापडतं, कारण ब्रेकचं फ्लुइड लोक बदलतात आणि क्लचचं विसरतात. काळेपणा म्हणजे रबराचा झिजलेला चुरा. पातळी वरचेवर उतरत असेल, तर गळती आहेच, फक्त जागा शोधायची. मास्टर गळत असेल, तर त्याच्या खालच्या पत्र्यावरचा रंग फुगून सोललेला दिसतो, कारण ब्रेक फ्लुइड रंग खातं. मास्टरचं मागचं सील गेलं, तर फ्लुइड गाडीच्या आत येतं. तेव्हा पॅडलच्या वरच्या टोकाला, जिथे दांडा पत्र्यातून आत जातो तिथे, बोट फिरवून बघा. बोट ओलसर, बुळबुळीत झालं तर मास्टर गेला.

बहुतेक वेळा मात्र गुन्हेगार खाली असतो. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर डाव्या बाजूला आणि स्लेव्ह गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला. उजवं पुढचं चाक काढून तिकडून हात घालता येतो किंवा गाडी उचलून खालून बघता येतं. गाडी उचलाल तेव्हा नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, मजबूत स्टँड लावा. गाडी हलकी आहे म्हणतात, पण ते रस्त्यावर. छातीवर ती हलकी नसते.

स्लेव्हच्या टोकाला रबराची टोपी असते, तिच्यातून दांडा बाहेर येऊन फोर्कला टेकतो. त्या टोपीची कड नखाने किंवा बोथट स्क्रू-ड्रायव्हरने हळूच उचला. आतलं सील शाबूत असेल, तर टोपी कोरडी असते, फार तर थोडी धूळ. सील गेलेलं असेल, तर टोपीत साठलेला शाईसारखा काळा द्रव मनगटावर ओघळतो. बाहेरून ही गळती बरेच दिवस दिसत नाही, कारण टोपीच तिला धरून ठेवते. जमिनीवर थेंब नाही म्हणून मालक निर्धास्त असतो आणि इकडे फर्स्ट दिवसेंदिवस जड होत जातो. टोपी कोरडी निघाली, तर कुणाला तरी पॅडल दाबायला बसवा आणि दांड्याचा प्रवास बघा. तो सुमारे अर्धा इंच सरकायला हवा. कमी सरकत असेल, तर आत हवा आहे, मास्टर दाब आतल्या आत सोडतोय, किंवा रबरी होज दाबाखाली फुगतोय. होजला बोटांनी धरून पॅडल दाबायला सांगितलं, तर फुगणं हाताला कळतं. गाडी वीस वर्षांहून जुनी असेल आणि होज मूळचाच असेल, तर मी तो न विचारता बदलीन. गुंफलेल्या स्टीलच्या आवरणाचा होज मिळतो, त्याने पॅडलही टणक लागतं.

एक सिलिंडर गेला की दोन्ही बदला, या मताचा मी आहे. दोन्हींचं रबर एकाच वयाचं असतं. एकाला नवं सील बसून पूर्ण दाब येऊ लागला की दुसरा फार दिवस टिकत नाही. दोन्हींची किंमत मिळून गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही.

सिलिंडर बसवल्यावर हवा काढायचं काम उरतं आणि इथे माणसं घाई करतात. पद्धत साधी आहे. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हवरची निपल सैल करून फ्लुइड-हवा बाहेर येऊ द्यायची, निपल घट्ट करायची आणि मगच पॅडल सोडायचं. क्रम चुकला की जितकी हवा काढली तितकीच आत ओढली जाते. पॅडल सुरुवातीला तळालाच चिकटून बसेल, तर ते हाताने वर ओढा. डबी छोटी आहे, चार-पाच वेळा दाबलं की रिकामी होते, म्हणून सारखी भरत राहा. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं हवं. इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल त्यात पडलं, तर सगळी रबरं फुगतात आणि नवं सामान वाया जातं. स्लेव्ह सुटा लोंबत असताना कुणालाही पॅडलवर पाय देऊ देऊ नका, आतलं पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येतं.

इतकं करूनही क्लच सुटत नसेल आणि गाडी चार-सहा महिने बंद उभी असेल, तर वेगळी शंका घ्या. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडे लोक नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवतात ती एप्रिलमध्ये काढतात. दमट गॅरेजात फ्लायव्हीलला गंज चढतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. पॅडल नेहमीसारखं लागतं, स्लेव्हचा दांडाही पूर्ण सरकतो, तरी गिअर पडत नाही. अशी प्लेट पुष्कळदा न उघडता सुटते. इंजिन नीट गरम करून बंद करा, मोकळी लांब जागा बघा, सेकंडमध्ये गाडी स्टार्टरवरच पुढे घ्या आणि क्लच दाबून ठेवून अॅक्सिलरेटर आळीपाळीने दाबा-सोडा. झटक्याने प्लेट निघते. पुढे माणूस, भिंत, शेजाऱ्याची गाडी काही असू नये हे सांगायला हवंच. ब्रेक चालू आहेत हे आधी बघा.

आता स्लिप होणारा क्लच. मोकळ्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीस मैलांच्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट सरकते आहे. कारणं तीनच धरा. प्लेट झिजली, प्लेटवर तेल आलं किंवा पॅडलला मोकळी चाल उरली नाही. तेल बहुधा क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून येतं, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून ओल दिसते. मोकळ्या चालीकडे सहसा कुणी बघत नाही. कुणीतरी पॅडलचा दांडा जास्त लांब करून ठेवला, तर पॅडल पूर्ण वर आलं तरी मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही, फ्लुइड तापून फुगलं की दाब अडकतो आणि क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. थंड गाडी छान, गरम झाली की स्लिप, असं लक्षण दिसलं तर प्लेट बदलण्याआधी दांडा तपासा.

पॅडल खूप वर आल्यावर क्लच पकडतो म्हणजे प्लेट संपली, हा समज केबलच्या गाड्यांवरून आलेला आहे. तेलावर चालणारा क्लच झीज आपोआप भरून काढतो, पकडण्याची जागा फारशी हलत नाही. ती वरची आहे म्हणून प्लेट बदलू नका. उलट ती हळूहळू तळाकडे उतरते आहे, हा सिलिंडरचा दोष सुरू झाल्याचा चांगला इशारा असतो.

क्लच निर्दोष ठरला की मग गिअरबॉक्स. पहिल्या पिढीच्या गाड्यांत पाच गिअरचा आहे, दुसऱ्या पिढीत काहींना सहा गिअरचा मिळाला. पाच गिअरच्या खोक्याची एक जुनी खोड आहे. थंड हवेत पहिले दोन-चार मैल सेकंड नाखुशीने पडतो आणि तेल तापलं की सुरळीत होतो. याला दोष म्हणू नका. एक-दोन मैल सावकाश चालवा, फर्स्टमधून सेकंड टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा. पण गरम झाल्यावरही सेकंडच खरखरतो, बाकीचे नाही, तर त्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी कडी, झिजला आहे. खात्रीसाठी डबल क्लच मारून बघा. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून पुन्हा दाबून गिअर. आपल्या जुन्या ट्रकवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नसे. डबल क्लचने खरखर गेली, तर सिंक्रोवर शिक्कामोर्तब. खालच्या गिअरला येताना न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटरला हलका टोलाही द्या. सगळेच गिअर खरखरतात, विशेषतः रिव्हर्ससुद्धा, तर पुन्हा क्लचकडे जा, सगळे सिंक्रो एकदम मरत नाहीत.

सिंक्रोवर खर्च करण्याआधी गिअरबॉक्सचं तेल बदला. पाच गिअरच्या खोक्यात साधारण दोन लिटर ७५डब्ल्यू-९० लागतं. जीएल-४ प्रतीचं तेल मला बरं वाटतं. फार निसरडं तेल असलं की पितळेच्या सिंक्रोला पकड मिळायला वेळ लागतो. डिफरेन्शियलमध्ये मात्र जीएल-५ च हवं, तिथे दोन्हींची गल्लत नको. आधी भरायचा बोल्ट सुटतो ना ते बघा, मगच खालचा उघडा. तेल सोडून बसलात आणि भरायचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी तिथेच. खालच्या बोल्टच्या लोहचुंबकावर करड्या पेस्टचा थर असतो, तो चालतो. निघालेलं तेल उन्हात धरा. त्यात सोनेरी चमक दिसली, तर ते सिंक्रोचं पितळ. लोखंडाचा कपचा किंवा दाताचा तुकडा सापडला, तर गाडी चालवणं थांबवा.

लिव्हर सैल, ढिला लागतो, कुठला गिअर पडला कळत नाही, आणि गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्यातून गरम हवा व घरघर आत येते, तर त्याची दुरुस्ती हे पाच गिअरच्या गाडीतलं सगळ्यात समाधानकारक काम आहे, कारण खर्च फारच थोडा आणि फरक ताबडतोब. लिव्हरच्या मुळाशी, गिअरबॉक्सच्या मुख्य तेलापासून वेगळी, छोटी तेलाची खळगी आहे. कन्सोल काढा, वरची मोठी रबरी टोपी काढा, खालची छोटी टोपी बघा. ती बहुधा फाटून कडक झालेली असते. लिव्हर उचलला की त्याच्या गोळ्याच्या खालच्या टोकाला नायलॉनची वाटी असते. ती तुटून तुकडे खळगीत पडलेले असू शकतात, ते चिमट्याने वेचा. जुनं तेल सिरिंजने ओढून काढा, नवं गिअर ऑइल भरा, नवी वाटी, नवी टोपी बसवा. या गाडीच्या छोट्या, नेमक्या गिअर लिव्हरचं इतकं कौतुक होतं ते का, हे मालकाला बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

चालताना गिअर आपोआप सुटत असेल, तर आधी इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंट बघा, गिअरबॉक्सच्या आतले, गिअर सरकवणारे फोर्क नंतर. गिअर लिव्हरवर सतत हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल, तर ती मोडा, तो भार फोर्कवरच जातो.

आवाजांचा उलगडा पॅडलवरून होतो. न्यूट्रलमध्ये पॅडल वर असताना घरघर आणि दाबल्यावर ती गायब, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. पॅडल हलकं दाबताच किर्रर्र सुरू, तर रिलीज बेअरिंग. गाडी उभी, गिअर टाकलेला, पॅडल तळाला आणि तेव्हाच कुई कुई, तर फ्लायव्हीलच्या मधोमध बसणारं पायलट बेअरिंग. पहिल्या प्रकारातली घरघर सौम्य असेल, तर तेल बदलून वर्षानुवर्षे चालवणारे लोक आहेत. दुसऱ्या-तिसऱ्याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

तो उतरवायची वेळ आलीच, तर गॅरेजशी बोलणं आधी करून घ्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील हे सगळं एकाच वेळी बदलायचं, फ्लायव्हील तपासून गरज असेल तर घासून घ्यायचं. मजुरी एकच असते, सीलसाठी पुन्हा दुप्पट नको. नव्या प्लेटबरोबर नवा स्लेव्हही बसवा, जुना चालू असला तरी. नव्या जाड प्लेटमुळे स्लेव्हचं पिस्टन आधीपेक्षा बाहेरच्या भागात चालू लागतं. तिथली भिंत वर्षानुवर्षे न घासलेली, गंजाने खरबरीत झालेली असते आणि सील काही दिवसांत फाटतं. क्लच करून महिन्याभरात गिअर पडेनासा झाला, अशी तक्रार येते ती बरेचदा यातून.

शेवटचं एक गॅरेजला आवर्जून विचारायचं. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते, गिअरबॉक्स उतरवायला ती सोडावी लागते. परत लावताना ती माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या उंचीवर बसली नाही, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, वेगात गाडी थरथरते आणि मालक पुन्हा गिअरबॉक्सला दोष देतो. काम हातात देण्याआधीच मेकॅनिकला विचारा की ती उंची कशी मोजणार. त्याला ही फ्रेमच माहीत नसेल, तर चावी खिशात ठेवा आणि दुसरं गॅरेज बघा.